सूर्याची वीज घरी आणण्याआधी

गावात हल्ली एक बोलणे वरचेवर कानावर येते. "आम्ही सोलर बसवणार. मग लाईट गेली तरी आम्हाला काही फिकीर नाही."

हे बोलणे अर्धे खरे आहे आणि अर्धे खोटे आहे. जो माणूस हे आधी समजून घेत नाही, त्याचे पैसे खर्च होतात आणि ऐन पावसात घरात अंधार तो अंधारच राहतो. कधी कधी याहून वाईट घडते. चुकीच्या जोडणीने दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

म्हणून मंडळी, सोलर बसवण्याआधी तीन गोष्टी नीट समजून घेऊ. पहिली गोष्ट, लाईट गेली की छपरावरच्या सोलरचे काय होते? दुसरी, बॅटरी घ्यायची तर केवढी घ्यायची आणि कुठे ठेवायची? तिसरी, सोलर बसवण्याचे काम चालू असताना घरची वीज बंद ठेवावी लागते, त्याची तयारी कशी करायची?

तारेची वीज

आधी आपली रोजची वीज कुठून येते ते पाहू.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना नदीवर मोठे धरण आहे. धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेले आहे. ते पाणी उंचावरून खाली कोसळते आणि यंत्रे फिरवते. यंत्रे फिरली की वीज तयार होते. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. राज्यात अशी पुष्कळ वीजकेंद्रे आहेत. काही पाण्यावर चालतात, काही कोळशावर, काही वाऱ्यावर, तर काही उन्हावर. सगळ्यांची वीज तारांच्या एकाच मोठ्या जाळ्यात येते. या जाळ्याला ग्रिड म्हणतात. आपण तिला साधी 'तारेची वीज' म्हणू.

तारेची वीज गावाजवळ येते तेव्हा तिचा जोर ११,००० व्होल्ट असतो. गावात जी डीपी असते, ती हा जोर कमी करते. मग आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. दिवा लागतो, पंखा फिरतो.

पण ही वाट लांबची आहे. वाटेत कुठेही अडथळा आला की लाईट जाते. वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडते. कधी खांब कलतो. कधी डीपी जळते. मग वायरमन लाईन बंद करतो, खांबावर चढतो आणि काम करतो. लाईन बंद आहे या भरवशावर तो तारेला हात घालतो. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

सूर्याची वीज

छपरावर आपण सोलरच्या प्लेटा बसवतो. त्यांच्यावर ऊन पडले की त्यांतून वीज निघते. ही वीज एकाच दिशेने वाहते. तिला डीसी म्हणतात. आपल्या घरातले पंखे, टीव्ही, फ्रीज एसी विजेवर चालतात. म्हणून मध्ये एक पेटी लागते. ती डीसीची एसी करते. या पेटीचे नाव इन्व्हर्टर.

१ किलोवॅटचा संच बसवायला सुमारे १०० चौरस फूट मोकळे छप्पर लागते. त्यावर झाडाची किंवा शेजारच्या भिंतीची सावली पडता कामा नये. प्लेटांचे तोंड दक्षिणेला असावे. असा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतो. चैत्र-वैशाखात जास्त देतो, आषाढ-श्रावणात फार कमी.

दुपारी घरात माणसे नसतात आणि ऊन मात्र कडक असते. तेव्हा जास्तीची वीज तारेवर जाते. रात्री आपण तारेवरून वीज घेतो. या देवघेवीचा हिशेब नवे मीटर ठेवते. त्याला नेट मीटर म्हणतात. वाण्याच्या वहीसारखेच ते. दिले किती, घेतले किती, दोन्ही लिहिले जाते. फरक निघेल त्याचे बिल येते.

पाटण तालुक्यातच मान्याचीवाडी नावाचे लहानसे गाव आहे. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात ते महाराष्ट्रातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. घरांची, पाणीपुरवठ्याची आणि रस्त्यावरच्या दिव्यांची वीज तिथे उन्हापासून घेतात. एका वाडीला जमले ते इतरांनाही जमेल. पण आधी समजून घेऊन.

तार बंद, तर सोलरही बंद

आता मुख्य गोष्ट ऐका.

समजा, भर दुपार आहे. ऊन रणरणते आहे. छपरावर नवाकोरा सोलर आहे. आणि लाईट गेली. पंखा थांबला.

घरातली म्हातारी नातवाला विचारते, "काय रं, वर एवढी सोलर बसवलीया, मग पंखा का बंद पडला?"

नातू म्हणतो, "आजी, बिघडलंय वाटतं. फसवलं आपल्याला."

फसवले कोणी नाही आणि बिघडलेही काही नाही. बहुतेक घरांत जो साधा संच बसवतात, तो तारेच्या सोबतीने चालतो. तारेची वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर दोन-एक सेकंदांत आपण होऊन बंद होतो. तो तसाच बनवलेला असतो.

असे का करतात? त्या खांबावरच्या वायरमनसाठी.

समजा, सोलर चालूच राहिला. मग घरातली वीज उलट दिशेने तारेवर जाईल. ती डीपीत शिरेल. डीपी दोन्ही बाजूंनी काम करते. वरून ११,००० व्होल्ट आले तर ती २३० करते. खालून २३० व्होल्ट शिरले तर तीच डीपी वरच्या तारेत ११,००० व्होल्ट करील. वायरमनला वाटते लाईन मेली आहे. पण ती जिवंत असते. तो हात लावतो आणि जागेवर जातो. त्यालाही घरी बायको-पोरे आहेत.

म्हणून इन्व्हर्टर बंद होतो तो शहाणपणाने बंद होतो. त्याला कोणी फसवू नये. "लाईट गेल्यावरही सोलर चालवून देतो, एक वायर इकडून तिकडे जोडतो" असे कोणी म्हणाले, तर त्याला हात जोडा आणि वाटेला लावा. घरात जनरेटर असेल तर त्यालाही हाच नियम. तो बदली स्विच बसवूनच जोडावा, म्हणजे एका वेळी तार किंवा जनरेटर यांपैकी एकच चालेल. जनरेटरची पिन भिंतीतल्या प्लगमध्ये खोचून घराला वीज देऊ नये.

संच तीन प्रकारचे

पहिला प्रकार तारेच्या सोबतीने चालणारा. याला ऑन-ग्रिड म्हणतात. यात बॅटरी नसते. हा स्वस्त पडतो. बिल कमी करायला उत्तम. पण लाईट गेली की हाही बंद.

दुसरा प्रकार तारेशी संबंध न ठेवणारा. याला ऑफ-ग्रिड म्हणतात. दिवसा बॅटरी भरते, रात्री ती वीज देते. जिथे तारच पोचली नाही अशा रानातल्या वस्तीला हा बरा. पण सगळा भार बॅटरीवर असतो, म्हणून बॅटरी मोठी लागते.

तिसरा प्रकार दोन्ही करणारा. याला हायब्रीड म्हणतात. तार चालू असते तेव्हा देवघेव चालते. लाईट गेली की हा इन्व्हर्टर आधी घराला तारेपासून तोडतो आणि मगच बॅटरीवर घर चालवतो. त्यामुळे तारेवर वीज जात नाही. वायरमनही सुरक्षित आणि घरात दिवाही चालू. याला खर्च जास्त येतो.

तुमच्या गावात लाईट क्वचित जाते आणि तासाभरात येते, अशी स्थिती असेल तर पहिला प्रकार पुरे. सोबत एक बॅटरीचा कंदील ठेवावा. पण पाटण-जावळीच्या डोंगरात किंवा कृष्णा-वारणेच्या काठी राहत असाल तर तिसऱ्या प्रकाराचा विचार करावा. घरात आजारी माणूस यंत्रावर असेल तरीही तसेच.

हे सगळे बसवण्याच्या आधी ठरवायचे असते. कारण बॅटरीवर चालणाऱ्या दिव्यांची वायर वेगळी ओढावी लागते. एकदा भिंती रंगवून झाल्या, ठेकेदार निघून गेला, मग बॅटरी जोडायची म्हटले तर दुप्पट काम आणि दुप्पट खर्च.

बॅटरी केवढी? चला, हिशेब करू

पाटी किंवा वही घ्या. लाईट गेल्यावर कशावाचून अडते ते लिहा. हौस लिहू नका, गरज लिहा.

४ एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॅट : ३६ वॅट
२ पंखे, प्रत्येकी ७५ वॅट : १५० वॅट
२ मोबाईल भरायला, मिळून : १४ वॅट
एकूण : २०० वॅट

१००० वॅट एक तास वापरले म्हणजे १ युनिट होते. २०० वॅट ५ तास चालले तरी १००० होतात. म्हणजे हे घर बॅटरीवर ५ तास चालायला १ युनिट वीज लागेल.

आता बॅटरी पाहा. तिच्यावर १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. त्यांचा गुणाकार करा. १२ गुणिले १५०, झाले १८००. म्हणजे १.८ युनिट. पण शिशाची, म्हणजे अॅसिडची बॅटरी पूर्ण रिकामी करू नये. केली तर ती लवकर मरते. निम्मी वापरावी. उरले ०.९ युनिट. त्यातले थोडे इन्व्हर्टर खातो. हाती ०.८ युनिट धरा.

म्हणजे २०० वॅटला ही बॅटरी ४ तास पुरेल. एक पंखा बंद ठेवला तर ६ तासांहून जास्त पुरेल. आणि पंखे २८ वॅटचे, कमी वीज खाणारे घेतले, तर दोन्ही पंखे चालवून साडेसात तास निघतील. पाहिले? मोठी बॅटरी घेण्याआधी कमी खाणारा पंखा घेतलेला फायद्याचा.

लिथियमची बॅटरी महाग असते. पण तिच्यातली दहातली आठ-नऊ हिस्से वीज वापरता येते. तिला पाणी घालावे लागत नाही आणि ती जास्त वर्षे टिकते. मात्र तिला साजेसाच इन्व्हर्टर लागतो. जुन्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडू नये.

काय बॅटरीवर चालवू नये? इस्त्री, गिझर, विजेची शेगडी, घरगुती पिठाची चक्की, कडबाकुट्टी आणि पाण्याची मोटर. १००० वॅटची एक इस्त्री आपल्या वरच्या बॅटरीचा सगळा साठा पाऊण तासात खाऊन टाकील. मोटरचे तर आणखीनच वेगळे. १ अश्वशक्तीची मोटर चालताना साडेसातशे वॅट घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट जोर मागते. लहान इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो.

म्हणून घरात दोन बोर्ड करून घ्यावेत. एक जरुरीचा बोर्ड, तो बॅटरीवर. दुसरा इतर सामानाचा बोर्ड, तो फक्त तारेवर.

पैसे आणि कागद

प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यात घरासाठी ठरलेले अनुदान असे : १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये, ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये. अनुदान प्लेटांच्या क्षमतेवर मिळते. बॅटरीचा खर्च आपला आपण करायचा. अर्ज करण्याआधी चालू नियम महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. नोंदणी झालेल्या ठेकेदाराकडूनच काम करून घ्यावे. प्लेटा भारतात बनलेल्या असाव्या लागतात.

ठेकेदाराकडून हे लिहून घ्या : संच कोणत्या प्रकारचा, किती किलोवॅटचा, बॅटरी केवढी, हमी किती वर्षांची, लाईट गेल्यावर घरातले कोणते दिवे चालतील, आणि बिघाड झाला तर कोण येणार. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. लिहिलेले राहते. सही करण्याआधी कागद स्वतः वाचा. घाई करणाऱ्याला सांगा, "जरा थांबा, मला वाचू द्या."

वीज दोनदा बंद होईल

सोलर बसवताना घरची वीज साधारणपणे दोनदा बंद करावी लागते. ठेकेदाराचा माणूस संच घराच्या बोर्डाला जोडतो तेव्हा एकदा. महावितरणचा माणूस जुने मीटर काढून नवे लावतो तेव्हा दुसऱ्यांदा. हे दोन्ही दिवस वेगळे असू शकतात. त्यांच्यामध्ये काही दिवस जाऊही शकतात.

त्या मधल्या दिवसांत संच तयार दिसतो. प्लेटा चमकतात. मनात येते, करून बघावे चालू. असे करू नका. तपासणी आणि नवे मीटर झाल्याशिवाय संच चालू करायची परवानगी नसते. शिवाय काही जुनी मीटरे बाहेर गेलेली वीजसुद्धा वापरलीच म्हणून मोजतात. मग वीज आपण द्यायची आणि बिलही आपणच भरायचे, असे होईल.

कामाचा दिवस आधी विचारून घ्या. गावची जत्रा, घरचे लग्न, मुलांची परीक्षा, हे दिवस टाळा. पावसाळ्यात शक्यतो काम काढू नका. ओल्या छपरावर माणूस घसरतो. काम सकाळी लवकर सुरू करायला सांगा, म्हणजे दिवस मावळायच्या आत आटपेल.

आदल्या दिवशी ही तयारी करा.

पाण्याची टाकी आणि हंडे-कळशा भरून ठेवा. वीज नसेल तर मोटर चालणार नाही. दळण आणून ठेवा. मोबाईल आणि हातबत्त्या भरून ठेवा. जनावरांसाठी कडबा कुट्टी करून ठेवा.

फ्रीज वारंवार उघडू नका. दार बंद ठेवले तर आतला थंडावा सुमारे ४ तास टिकतो. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर काम लांबल्यास ते कोरड्या डब्यात घालून, डबा ओल्या फडक्याने गुंडाळून, मातीच्या मडक्यात सावलीला ठेवा. ऑक्सिजनच्या यंत्रावर कोणी असेल तर कामाआधी डॉक्टरांना विचारा. त्या दिवसापुरते त्या माणसाला नातेवाइकांच्या घरी हलवलेले चांगले.

घरात जुना इन्व्हर्टर असेल तर कामगारांना आवर्जून सांगा. मेन स्विच पाडला तरी जुन्या इन्व्हर्टरमुळे काही वायरी जिवंत राहतात. शेतपंपाची वेगळी लाईन घरापर्यंत आणलेली असेल तर तेही सांगा. लपवू नका. लपवलेल्या तारेने माणूस मरतो.

कामाच्या दिवशी

मेन स्विच पाडला की त्यावर एक पाटी लावा : "काम चालू आहे. बटण दाबू नका." ही पाटी तुम्ही स्वतः मोठ्या अक्षरांत लिहा. तुमच्या हातची ही पाटी त्या दिवशी एखाद्याचा जीव राखील. स्विचजवळ घरातले एक शहाणे माणूस बसवा. पोरांना छपरावर जाऊ देऊ नका.

एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवा. तारेची वीज बटणाने बंद होते. सूर्य बटणाने बंद होत नाही. ऊन आहे तोवर प्लेटा वीज बनवतातच. प्लेटा एकापुढे एक जोडल्या की त्यांचा जोर शेकडो व्होल्टपर्यंत जातो. तेव्हा मेन स्विच बंद असला तरी प्लेटांच्या वायरीला हात लावू नये. तिची जोडणी चालू उन्हात ओढून काढू नये. मोठी ठिणगी उडते आणि आग लागते.

अर्थिंग झाल्याचे स्वतः पाहा. प्लेटांचे, घराच्या बोर्डाचे आणि वीजरोधकाचे अर्थिंग वेगवेगळे लागते. चैत्र-वैशाखात वळीव येतो, कडाडून विजा पडतात. तेव्हा याचे मोल कळते. प्लेटांचे नट-बोल्टही घट्ट आहेत ना ते पाहा. आपल्याकडे पावसाळी वारा साधा नसतो.

काम झाले की बोर्डावर मराठीत नावे लिहा : 'तारेचे बटण', 'सोलरचे बटण', 'बॅटरीचे बटण'. अडचणीच्या वेळी घरातल्या कोणालाही वाचता आले पाहिजे.

संच चालू झाला की ठेकेदार असेपर्यंतच परीक्षा घ्या. दुपारी त्याच्यासमोर मेन स्विच पाडा. साधा संच असेल तर त्याचा इन्व्हर्टर लगेच बंद पडला पाहिजे. तो बंद पडला म्हणजे ठीक. हायब्रीड असेल तर जरुरीच्या बोर्डावरचे दिवे चालू राहिले पाहिजेत. ही परीक्षा पास झाल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

बॅटरीची जागा

अॅसिडची बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन नावाचा वायू निघतो. तो पेट घेतो. म्हणून बॅटरी चुलीजवळ, देवघरातल्या समईजवळ किंवा निजायच्या खोलीत ठेवू नये. हवा खेळेल अशा सावलीच्या जागी ठेवावी. तिच्याजवळ विडी ओढू नये. तिच्यात विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नये. दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणीच घालावे. अॅसिड अंगावर उडाले तर बराच वेळ भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर धुवत-धुवतच दवाखाना गाठावा.

कृष्णा आणि वारणेच्या काठच्या लोकांनी आणखी एक विचार करावा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा मोठा पूर आला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. अशा वेळी वीज जाते, आणि पुराच्या पाण्यात करंट उतरू नये म्हणून मुद्दामही बंद ठेवतात. रस्ता नसतो, म्हणून वायरमनही लवकर पोचत नाही.

तुमच्या भिंतीवर २०१९ चे पाणी कुठवर चढले होते ते आठवा. बॅटरी, इन्व्हर्टर आणि बोर्ड त्या खुणेच्या वर बसवा. वरचा मजला असेल तर वरच बसवा. खाली ठेवलेली बॅटरी पुरात पहिली बुडते, आणि नेमकी तेव्हाच ती हवी असते.

घर सोडायची वेळ आली तर पाणी येण्याआधी आणि कोरड्या हातांनी बटणे बंद करा. आधी तारेचे, मग सोलरचे, मग बॅटरीचे. पाणी खोलीत शिरले असेल तर बटणासाठी आत जाऊ नका. दिवसा प्लेटांची वायर जिवंत असते. पूर ओसरल्यावर भिजलेला संच आपण होऊन चालू करू नका. जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

तिकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या बाजूला पुराची भीती नाही, धुळीचा त्रास आहे. धूळ बसली की प्लेटा कमी वीज देतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने धुवाव्यात. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. प्लेटांवर पाय देऊ नये.

लाईट बरेच दिवस आली नाही तर

पावसाळ्यात झड लागली की उन्हाचा पत्ता नसतो. बॅटरी एकदा रिकामी झाली की लवकर भरत नाही. तेव्हा पहिल्या तासापासून काटकसर करावी. टीव्ही बंद. एका खोलीत सगळ्यांनी बसावे, एकच दिवा लावावा. मोबाईल दुपारी भरावेत, ढगांतूनही थोडी वीज येत असते. रात्रीसाठी निम्मी बॅटरी राखून ठेवावी. शेजारी कोणाचा मोबाईल बंद पडला असेल तर भरू द्यावा. अडीनडीला तोच फोन सगळ्या आळीच्या कामी येतो.

तुटलेली तार रस्त्यात पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, जनावर जाऊ देऊ नका. लगेच १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवा.

लक्षात ठेवा

१. साधा सोलर लाईट गेल्यावर बंद होतो. तो वायरमनच्या जिवासाठी बंद होतो.
२. लाईट गेल्यावरही दिवा हवा असेल तर हायब्रीड संच, बॅटरी आणि वेगळा बोर्ड लागतो. हे बसवण्याआधी ठरवा.
३. आधी गरज लिहा, मग बॅटरी घ्या.
४. काम चालू असताना वीज दोनदा बंद होईल. पाणी, दळण, औषध यांची सोय आदल्या दिवशी करा.
५. ऊन आहे तोवर प्लेटा जिवंत आहेत.
६. बॅटरी पुराच्या खुणेच्या वर आणि आगीपासून दूर ठेवा.

आता तुम्ही सांगा

१. तुमच्या घरी लाईट गेल्यावर कोणत्या वस्तूंवाचून अडते? त्यांचे वॅट लिहा आणि बेरीज करा.
२. ती बेरीज ५ तासांनी गुणा. किती युनिट झाले?
३. डीपीत उलटी वीज शिरली तर काय होईल? शेजाऱ्याला समजावून सांगा.
४. मेन स्विचवर लावायची पाटी मोठ्या अक्षरांत लिहून काढा.